आत चार इंच जास्त भरलेलं घर

तुमचा प्रश्न असा: 'माझ्या कादंबरीतलं घर बाहेरून दोन खोल्यांचं आहे. नायक आत शिरतो आणि दालनामागून दालन लागत जातं. ज्यांना ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात, वर्णन छान आहे, पण पटत नाही. असं घर पटवायचं कसं? आधी कुणी लिहिलंय का? आणि त्याला काही शास्त्र जोडता येईल का?'

मी साहित्यातली नव्हे. जुने वाडे, देवळं, बंगले दुरुस्तीला किंवा पाडायला काढण्याआधी ते मोजून त्यांचे नकाशे करायचे, हे माझं काम. सत्तावीस वर्षं तेच करते आहे. पण आतून मोठी असलेली घरं पुस्तकात भेटली की मी ती सोडत नाही, कारण आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट चूक नेमकी तीच असते. तुम्ही पाठवलेली पहिली दोन प्रकरणं वाचली. तुमच्या घरात शिरणाऱ्यांपैकी एकाच्याही हातात टेप नाही. माझ्या मते गाडं तिथेच अडलंय.

आधी आमचा हिशेब सांगते. कुठलंही घर मोजताना बाहेरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अखंड टेप लावायची. मग आत जाऊन भिंत, खोली, भिंत, खोली, भिंत अशी ओळीने मापं घ्यायची. आतली बेरीज बाहेरच्या मापाएवढी भरली पाहिजे. पहिल्या फटक्यात ती कधीच भरत नाही. इंचभर इकडेतिकडे होतंच, टेपला झोळ पडतो, कोपरा काटकोनात नसतो. म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णही घ्यायचे.

आतली बेरीज कमी भरली तर आम्हाला आनंद होतो. कमी भरली याचा अर्थ मधे कुठेतरी न मोजलेली जागा आहे. बुजवलेलं दार असेल, भिंतीतलं बळद असेल, जिन्याखालची कोंदट कोठडी असेल. एका वाड्यात अशी तीन फुटांची तूट सापडली आणि भिंतीवर टकटक करत गेलो तर मागे धान्याचं बळद निघालं. आत काय होतं? उंदरांनी केलेला भुसा आणि एक फुटकी तांब्याची कळशी. रहस्यकथा लिहिणाऱ्यांचं दुकान याच तुटीवर चालतं. गुप्त खोली म्हणजे शेवटी वजाबाकी, आणि वजाबाकीचं उत्तर कधी ना कधी मिळतं.

आतली बेरीज जास्त भरली, तर मात्र पोटात गोळा येतो. तिला उत्तरच नसतं.

मला हे एकदाच असं झालं. सातारा भागातला एक वाडा, पावसाळ्याआधीचे दिवस. एका बाजूची लांबी बाहेरून ३८ फूट ६ इंच. आत तीन खोल्या, चार भिंती, बेरीज ३८ फूट १० इंच. पुन्हा केली, तीच. संध्याकाळ होत आली होती, ओटीवर एकच बल्ब, आणि टेप धरणारा मुलगा अगदी सहज म्हणाला, "मॅडम, हे घर आतून मोठंय." मी त्याच्यावर खेकसले. मग तिसऱ्यांदा मापं घेतली आणि तीही तशीच आली, तेव्हा दोघेही गप्प झालो.

कारण रात्री मुक्कामी गेल्यावर लक्षात आलं. भिंतींची जाडी आम्ही दारांच्या उंबऱ्यापाशी मोजली होती. तिथे चौकटीमुळे गिलावा शाबूत होता. खोल्या मोजल्या कमरेच्या उंचीवर. तिथे आतल्या सहाही पृष्ठभागांवरचे मातीचे पोपडे कधीच गळून गेले होते. प्रत्येकी अर्धा-पाऊण इंच धरला तर चार इंचांचा हिशेब लागतो. लागला. पण त्या वीस मिनिटांत ओटीवर जे वाटलं होतं ते मी विसरलेले नाही. पुढे पुस्तकांत अशी घरं भेटत गेली तेव्हा कळलं, की ती भीती लिहिणाऱ्यांनाही ठाऊक आहे. त्या ओटीवर मला कोणी शंभर दालनं दाखवली असती तर मी हसले असते.

हे ज्याने सगळ्यात नीट ओळखलं तो मार्क डॅनिएल्यूस्की. २००० साली आलेल्या 'हाऊस ऑफ लीव्हज' या कादंबरीत व्हर्जिनियातलं एक घर आहे. त्यात राहायला आलेला विल नेव्हिडसन हा छायाचित्रकार. कुटुंब चार दिवस बाहेरगावी जाऊन येतं, तर दोन शयनगृहांच्या मधे पूर्वी नसलेली एक चिंचोळी जागा उगवलेली. कुणी सामान्य लेखक इथून थेट भुतावळीत शिरला असता. हा मात्र नेव्हिडसनला घराचे नकाशे मिळवायला लावतो आणि टेप काढायला लावतो. निष्कर्ष काय, तर घराची आतली रुंदी बाहेरच्या रुंदीपेक्षा पाव इंच जास्त. फक्त पाव इंच! मग भाऊ येतो, एक अभियंता प्राध्यापक येतो, चांगली उपकरणं येतात. फरक मिटत नाही, उलट किंचित वाढतो. दरम्यान भिंतीला टेकवून लावलेली पुस्तकं आधार सुटल्यामुळे कलंडतात. तो प्रसंग मी वाचला तेव्हा उठून माझ्या कपाटाकडे बघून आले, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर दिवाणखान्यातल्या भिंतीत एक काळोखा बोळ उघडतो, जिथे बाहेरून पाहिलं तर नुसतं अंगण असायला हवं. बोळाच्या पुढे प्रचंड दालन आणि तळ न दिसणारा गोल जिना लागतो. पण तोवर वाचणारा त्या पाव इंचाला फसलेला असतो, त्यामुळे पुढचे मैलच्या मैल तो मुकाट्याने मान्य करतो. या कादंबरीत कागदाचाही वापर आहे. वाट अरुंद होते तशी पानावर मोजके शब्द उरतात आणि बोटं भराभर पानं उलटायला लागतात. काही आवृत्त्यांत 'घर' हा शब्द प्रत्येक ठिकाणी निळ्या शाईत छापलाय. ही असली करामत तुम्ही करायला जाऊ नका. ती तिथे शोभते.

दुसरा रस्ता रॉबर्ट हाइनलाइनचा. १९४१ साली 'अस्टाउंडिंग' मासिकात त्याची एक कथा आली, लॉस एंजेलिसच्या एका उत्साही वास्तुविशारदाची. क्विंटस टील त्याचं नाव. त्याला जागा कमी आणि खोल्या जास्त असं घर हवंय. घनाला जसे सहा चौरस असतात, तसे चौथ्या मितीतल्या त्याच्या भावंडाला आठ घन असतात. पुठ्ठ्याचं खोकं उलगडून सपाट करावं तसं ते भावंड उलगडून टील आठ खोल्यांचं घर बांधतो: खाली एक, तिच्यावर मधली आणि तिच्या चार बाजूंना चार, वर आणखी दोन. रात्री भूकंपाचा धक्का बसतो आणि घर घडी होऊन मिटतं. सकाळी मालक-मालकीण येतात तर प्लॉटवर एकच खोली! आत जावं तर आठही जागच्या जागी. सगळ्यात वरच्या खोलीतून आणखी वर चढावं तर तळमजला. टील एका पाठमोऱ्या माणसाच्या मागे धावतो, तो माणूस तो स्वतःच निघतो. (एका खोलीच्या जागेवर आठ खोल्या. आमच्याकडचे काही बिल्डर हे वाचून भूकंपासाठी नवस बोलतील.)

या कथेत भीती नाही, गंमत आहे. कारण तिथे नियम आधी सांगितलाय. हा फरक ध्यानात ठेवा, कारण तुमच्या कादंबरीत नेमकी तीच खिचडी झालीय. पहिल्या प्रकरणात तुम्हाला वाचकाला घाबरवायचंय आणि दुसऱ्यात नायकाचा मित्र मितींवर व्याख्यान देतो. आधी फरक मोजून दाखवला आणि कारण दिलं नाही, की धास्ती वाढते. आधी कारण दिलं आणि मग त्यातून निघणारे घोटाळे दाखवले, की मौज येते. दोन्ही एका ताटात वाढू नका.

आता आपल्याकडचं. 'आधी कुणी लिहिलंय का' असं विचारताना तुम्ही पश्चिमेकडे बघत होता हे उघड आहे. योगवासिष्ठाच्या उत्पत्तिप्रकरणातलं लीलेचं आख्यान काढून वाचा. राजा पद्म आणि राणी लीला. तिने सरस्वतीकडून वर घेतलाय, की नवरा मेला तरी त्याचा जीव या महालाबाहेर जाऊ नये. तो मरतो. फुलांत ठेवलेल्या त्या देहापाशी बसून ती ध्यान लावते, तर त्याच खोलीच्या पोकळीत तिला तो दुसऱ्या राज्याचा तरुण राजा होऊन बसलेला दिसतो. नगर, सैन्य, नद्या, डोंगर, सगळं त्या एका खोलीत. ती चक्रावते. तेव्हा सरस्वती तिला म्हणते, याचं काय घेऊन बसलीस, तुझं हे अख्खं राज्यसुद्धा एका ब्राह्मणाच्या घरात आहे. डोंगरातल्या एका गावात वसिष्ठ नावाचा ब्राह्मण होता, त्याची बायको अरुंधती. त्याने एकदा राजाची मिरवणूक पाहिली आणि मनात आलं, असं वैभव आपल्याला मिळतं तर! तो मेला, मागोमाग तीही गेली. तीच तुम्ही दोघं. तुमचं राज्य त्यांच्या घराच्या आभाळाएवढ्या पोकळीत मावलंय, आणि त्यांना जाऊन आज आठवा दिवस आहे.

घरात घर, त्यात आणखी घर, आणि आठ दिवसांत राज्यासकट मावलेलं आयुष्य. लांबीरुंदीबरोबर काळही आतून मोठा करणारी ही रचना मला डॅनिएल्यूस्कीपेक्षाही धीट वाटते. पण तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. लीला हे ऐकून हात जोडून गप्प बसत नाही. ती वाद घालते: हे म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या पोकळीत मत्त ऐरावत बांधून ठेवला म्हणण्यासारखं झालं! वाचकाच्या मनातली शंका तीच बोलून टाकते, वाचकापेक्षा जास्त चांगल्या शब्दांत. मग देवी तिला त्या घरी घेऊन जाते. तिथे काय दिसतं? एक सुतकातलं घर. थोरला मुलगा ज्येष्ठशर्मा आईबापांसाठी रडतोय. ज्या घरात विश्व मावलंय ते घर बाहेरून इतकं साधं, इतकं ओळखीचं.

गमतीचा योगायोग सांगते. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेत १९६३ पासून एक निळी पोलीस-पेटी आहे, बाहेरून टेलिफोन बूथएवढी आणि आत विस्तीर्ण. नवा माणूस आत आला की अचंब्याने तेच ते वाक्य म्हणतो, आतून मोठी आहे म्हणून. १९७७ च्या एका कथेत डॉक्टरची सोबतीण त्याला विचारते, हे होतं कसं? तो एक मोठं आणि एक लहान खोकं घेतो, मोठं लांब ठेवतो, लहान तिच्या डोळ्यांजवळ धरतो. लांबचं लहान दिसतं ना? मग ते तेवढ्या अंतरावरही ठेवता आलं आणि इथेही, तर मोठं लहानात मावेल. ती म्हणते, काहीतरीच! या सोबतिणीचं नाव लीला. नामकरणाचा आपल्या आख्यानाशी काही संबंध नाही, पण शंका दोघींची एकच.

बौद्धांच्या विमलकीर्तिनिर्देश सूत्रातही वैशालीच्या विमलकीर्ती या गृहस्थाची खोली येते. बसायला आसनं नाहीत म्हणून बुद्धाचा शिष्य शारिपुत्र याला चिंता पडते आणि विमलकीर्ती दुसऱ्या बुद्धक्षेत्रातून, म्हणजे दुसऱ्या एका बुद्धाच्या जगातून, प्रचंड उंच सिंहासनं मागवतो. चिनी अनुवादात आकडा ३२,००० आहे. सगळी मावतात. खोली ताणली जात नाही, वैशालीत दाटी होत नाही. पण मला खरा जिव्हाळा वाटतो तो वांग श्वानत्से या चिनी राजदूताबद्दल. सातव्या शतकात तो भारतात आला आणि, परंपरा सांगते, त्या घराच्या अवशेषांपाशी जाऊन त्याने आपल्या हातातल्या दरबारी पट्टीने ती जागा मोजली. दहा पट्ट्या भरली. त्या मापावरूनच चीन-जपानातल्या मठाधिपतींच्या खोलीला 'दहा फुटी' अशा अर्थाचं नाव पडलं. बत्तीस हजार सिंहासनं मावलेल्या जागेला पट्टी लावणारा माणूस! तो आमच्यातला.

बाकी उदाहरणं भरपूर आहेत, त्यांची जंत्री देत नाही. एकच उलटं सांगते, डायना विन जोन्सच्या १९८६ च्या कादंबरीतला हाऊल जादूगाराचा किल्ला. बाहेरून बुरुजांचा अवाढव्य, आत बघावं तर जेमतेम एक बेताचं घर. फ्लॅट घेतलेल्या प्रत्येक माणसाला हा अनुभव आहे. सुपर बिल्ट-अपच्या आकड्यावर पैसे मोजायचे आणि ताब्याच्या दिवशी पलंग कुठे बसवायचा म्हणून कपाळाला हात लावायचा.

शास्त्राबद्दल विचारलंत. व्याख्यान नको, पण एक खरी गोष्ट तुमच्या त्या मित्राच्या तोंडी घालता येईल. वस्तुमानामुळे अवकाश वाकतं. त्यामुळे पृथ्वीच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजून त्यावरून त्रिज्या काढली आणि मग खरोखरच केंद्रापर्यंत टेप सोडली, तर टेप सुमारे दीड मिलिमीटर जास्त भरेल. सूर्याच्या बाबतीत हा फरक जवळजवळ अर्धा किलोमीटर येतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या व्याख्यानांत हा हिशेब आहे. म्हणजे आपण ज्या गोळ्यावर राहतो तो आतून किंचित मोठा आहे, नेव्हिडसनच्या घरापेक्षा कमी, एवढंच. हे वाक्य एकदा येऊ द्या आणि मित्राला गावी पाठवून द्या.

आता तुमच्या हस्तलिखिताकडे. तुमचा नायक टॉर्च घेऊन शिरतो आणि पहिल्याच पानावर त्याला 'अथांग' दालन दिसतं. अथांग कशावरून? त्याला ते घर ठाऊक नाही, वाचकालाही नाही. घर वाढलंय हे त्यालाच कळेल ज्याने ते आधी अंगाने मोजलंय. टेप म्हटलं म्हणजे फितीच हवी असं नाही. त्या सातारच्या वाड्यात आम्ही बेरजा करत बसलो होतो तेव्हा घरातल्या आजी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एवढं काय मोजता? माजघराला दोन पाट्या शेण लागायचं, सोप्याला तीन." साठ वर्षं सारवणाऱ्या बाईला घराचं क्षेत्रफळ हाताला ठाऊक असतं. तुमच्या कथेत नायकाची आत्या आहे, पण ती फक्त चहा आणते. तिला सारवायला बसवा. नेहमीचं शेण कालवलंय, नेहमीसारखी मागे सरकत दारापर्यंत आलीय, आणि पाटी रिकामी झाल्यावर हातभर जमीन कोरडी उरलीय. ती स्वतःशी म्हणेल, आज शेणच कमी आणलं वाटतं. दुसऱ्या दिवशी दोन हात उरू द्या.

दुसरं माप खणांचं. वाड्यात दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि सोपा किती खणांचा हे घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. रात्री लघवीला उठलेला मुलगा अंधारात खांबांना हात लावत परसाकडे जातो, तेव्हा एक खांब जास्त लागला तर त्याला टॉर्चची गरज नाही.

तिसरं, आवाज. मूळ आवाजापासून सुटा असा प्रतिध्वनी ऐकू यायला समोरची भिंत निदान १७ मीटर लांब लागते, म्हणजे पंचावन्न-छप्पन्न फूट. त्याहून जवळ असेल तर कानाला दोन आवाज वेगळे कळतच नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत, दार लावलेलं असताना, आत्याने पाटी खाली आदळली आणि ती आदळल्याचा आवाज क्षणभराने परत आला, तर तुम्हाला 'अथांग' शब्द लिहावाच लागणार नाही.

काय वाढत नाही हेही ठरवा. हाइनलाइनने खोल्या आठच ठेवल्या आणि फक्त त्यांच्या वाटा पिळल्या. योगवासिष्ठातलं ब्राह्मणाचं घर शेवटपर्यंत तेवढंच राहतं. तुमच्या घरात मात्र तिसऱ्या पानापासून सगळंच वाढतं, दारं, खिडक्या, आभाळ, नायकाचं वयसुद्धा. चूल वाढवू नका. देव्हारा वाढवू नका. आणि बाहेरून घर दोन खोल्यांचंच आहे याची आठवण शेजाऱ्यांकडून, तलाठ्याच्या नोंदीतून, कौलं शाकारायला आलेल्या माणसाच्या हिशेबातून अधूनमधून येऊ द्या. छप्पर शाकारणाऱ्याला कौलं नेहमीएवढीच लागली पाहिजेत.

एक चूक तेवढी आजच दुरुस्त करा. तुमची कथा १९४२ सालातली आहे आणि नायक घर मीटरमध्ये मोजतो. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, ती बाजारात रुळायला त्यानंतरही वर्षं गेली. फूट-इंच करा. टेपही स्टीलची नको, मेणकापडाची घ्या, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली. बाहेरून लांबवर ओढली की ती ताणली जाते आणि माप कमी दाखवते, त्यामुळे आत पहिले एकदोन इंच जास्त भरले तर नायक टेपलाच दोष देईल.